गन एकच, अ‍ॅप सतरा

विजेची गाडी दारात आली की पाठोपाठ एक खरेदी हमखास होते. अ‍ॅडॉप्टरची. ‘कुठल्याही चार्जरला चालेल’ असं खोक्यावर छापलेलं असतं. लोणावळ्याला निघालाय, वाटेत अडकायला नको, डिकीत एक असू द्या, असं जाणकार मित्र सांगतो. मित्राच्या डिकीतही एक असतो. अजून सील न फोडलेला.

तो जोडायचा कशाला?

भारतात आज विकल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या विजेच्या मोटारींना जलद चार्जिंगसाठी एकच तोंड आहे. सीसीएस-२. टाटा घ्या, महिंद्रा घ्या, एमजी घ्या, ह्युंदाई घ्या. २०२५ च्या जुलैत मुंबईत दुकान उघडणाऱ्या टेस्लाच्या गाडीलाही इथे तेच तोंड आहे. तळेगावपासून खंडाळ्यापर्यंत जुन्या हायवेवर हॉटेलांच्या आवारात फास्ट चार्जर उभे आहेत. कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे. गन तीच.

हे अ‍ॅडॉप्टरचं वेड अमेरिकेतून आलं. तिथे टेस्लाचं तोंड वेगळं आणि बाकीच्यांचं वेगळं. सगळ्यात मोठं आणि भरवशाचं जाळं टेस्लाचं. मे २०२३ मध्ये फोर्डनं टेस्लाशी करार केला, पुढच्याच महिन्यात जनरल मोटर्सनं केला, आणि २०२४ पासून फोर्डवाले अ‍ॅडॉप्टर लावून टेस्लाच्या चार्जरवर उभे राहू लागले. एका तुकड्यानं हजारो चार्जर खुले झाले. त्यांची अडचण खरी होती, उपायही खरा होता.

आपण उपाय आणला. अडचण कुठे होती?

एके काळी होती, हे कबूल करायला हवं. २०१७ मध्ये आपण ‘भारत डीसी-००१’ नावाचं स्वतःचं मानक काढलं. पंधरा किलोवॉट, चिनी पद्धतीची गन, आणि ७२ व्होल्टच्या गाड्या डोळ्यांसमोर. त्याच वर्षी ईईएसएल या सरकारी कंपनीनं दहा हजार गाड्यांची निविदा काढली. सरकारी साहेबांच्या टिगोर आणि ई-व्हेरिटो या गाड्यांना हे चार्जर लागू पडत. मग २०१८ च्या डिसेंबरात ऊर्जा मंत्रालयानं फर्मान काढलं की प्रत्येक सार्वजनिक केंद्रावर पाच प्रकारचे चार्जर हवेतच. सीसीएस हवा, जपानी चाडेमो हवा, टाइप-२ हवा आणि ‘भारत’चे डीसी-एसी दोन्ही हवेत. खर्च कुणी करायचा? दहा महिन्यांत ती सक्ती मागे घ्यावी लागली.

त्या जुन्या खोक्यांवर आपली नवी गाडी चार्ज व्हावी म्हणून आजही कुणी अ‍ॅडॉप्टर शोधतो. शोधू नये. चार्जर ७२ व्होल्टच्या गाडीसाठी बनलेला, तुमची बॅटरी तीनशेच्या पुढची. शिवाय गाडी आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलतात, मगच वीज सोडतात. चिनी गनची बोली वेगळी, सीसीएसची वेगळी. तोंड जुळलं म्हणून बोलणं जुळत नाही.

अ‍ॅडॉप्टरपेक्षा एकच मानक बरं, हे रेल्वेला कळायला बरीच वर्षं लागली, आणि ती शिकली लोणावळ्याच्या याच घाटात. कल्याण ते पुणे मार्गावर १९२९ मध्ये वीज आली ती १,५०० व्होल्ट डीसी. पुढे देशानं २५,००० व्होल्ट एसी निवडली. मग मधला काळ निभवायला दोन्ही विजांवर चालणारी डब्ल्यूसीएएम जातीची इंजिनं बांधावी लागली. तीच इंजिनं डेक्कन क्वीन ओढत होती. चाकांवरचा अ‍ॅडॉप्टरच तो! पण रेल्वेनं त्यावर समाधान मानलं नाही. सगळा मार्ग एसीवर नेला, आणि दुहेरी इंजिनांचं इथलं काम संपलं.

आता डिकीतल्या त्या तुकड्याचा धोका. फास्ट चार्जरमधून दोनशे अँपिअर सहज वाहतात. सांध्यात एक मिलिओहम, म्हणजे ओहमचा हजारावा भाग, एवढा जरी जास्तीचा रोध असला तरी तिथे ४० वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या सोल्डरिंग आयर्नएवढी. ती अर्धा तास प्लास्टिकच्या कवचात कोंडलेली. अस्सल गनमध्ये आणि गाडीच्या तोंडात तापमान मोजणारे सेन्सर असतात. मधे घुसवलेल्या स्वस्त तुकड्यात काय असतं? बहुतेक वेळा काहीच नाही.

दुसरा तुकडा याहून वाईट. तो छोटा असतो, तीन पिनांचा असतो, आणि ‘अर्थिंगचा प्रॉब्लेम सोडवतो’ म्हणून विकला जातो. पावसाळ्यात लोणावळ्याच्या बंगल्यांत वीज जाते, जनरेटर सुरू होतो, आणि गाडी चार्जिंग नाकारते. अर्थिंग नाही, असा लाल दिवा लावते. गाडी बरोबर सांगत असते. हा तुकडा आत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधतो, आणि गाडीला वाटतं अर्थिंग आहे.

ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या तुमच्या मुलाला तसं वाटून चालत नाही. ते खोटं अर्थिंग विकत घेऊ नका. घेतलं असेल तर फेकून द्या.

मग चार्जरच्या जाळ्यांना कुलूप आहे तरी कुठे? गनमध्ये नाही. खिशातल्या फोनमध्ये आहे.

एका शनिवारी लोणावळ्यात पाहिलेलं सांगतो. दुपारची वेळ, चिक्कीच्या दुकानांपुढे रांग. आवारातल्या चार्जरवर ठाण्याची एक गाडी लागली. गन बसली, खटका वाजला. पुढे काही नाही. पडद्यावर चौकोनी कोड आणि एकच ओळ, अ‍ॅप डाउनलोड करा. धुकं खाली उतरलेलं, फोनची रेंज एका काडीवर. अ‍ॅप उतरलं एकदाचं. नाव द्या, ईमेल द्या, गाडीचा नंबर द्या. ओटीपी येईना. आला तेव्हा मुदत संपलेली. पुन्हा मागवला. मग वॉलेटमध्ये आधी पैसे भरा, ठरलेल्या रकमेच्या पटीतच भरा. मागच्या सीटवर आजी घामाघूम. एसी बंद ठेवलेला, कारण बॅटरी वाचवायची.

शेजारच्या गाडीतला तरुण उतरला. “काका, राहू द्या. माझ्या अ‍ॅपवरून चालू करतो. किती युनिट झाले ते बघू आणि तुम्ही मला जीपे करा.”

चार्जर सुरू झाला. तासाभरानं काकांनी त्याला पैसे पाठवले. क्षणात गेले. त्याच धुक्यात, त्याच एका काडीवर.

दोन अनोळखी माणसांमध्ये जे क्षणात घडतं, ते लाखोंच्या यंत्राला का जमत नाही?

जमतं. जमवायचं नसतं. वॉलेटमध्ये अडकलेले दीडशे-दोनशे रुपये परत कुणी मागत नाही. दहा हजार गाडीवाल्यांचे दीडशे धरले तरी पंधरा लाख होतात, बिनव्याजी. वर प्रत्येक फोनमध्ये आपलं अ‍ॅप, प्रत्येकाच्या प्रवासाची नोंद आपल्याकडे. धंदा विजेचा आहे की गाडीवाल्याला बांधून ठेवण्याचा?

चार्जिंगच्या सेवेवर ग्राहक १८ टक्के जीएसटी भरतो. गाडीवर पाच टक्के आणि ती भरायला अठरा. एवढं मोजून निदान बिल भरायचा सरळ रस्ता तरी मागायला नको?

उत्तर याच रस्त्यावर आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेच्या उर्से टोलनाक्यावर उभे राहा. फास्टॅग कुठल्याही बँकेचा असो, फाटक उघडतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हा प्रत्येक नाक्याचं वेगळं अ‍ॅप काढा असं कुणी सुचवलं नाही. सुचवलं असतं तर खालापूरपर्यंत रांग गेली असती आणि मंत्र्यांना दुसऱ्या दिवशी विधानसभेत उत्तर द्यावं लागलं असतं. चार्जरवरची रांग छोटी. म्हणून प्रश्नही छोटा?

युरोपनं हे कायद्यानं मिटवलं. १३ एप्रिल २०२४ नंतर उभ्या राहणाऱ्या ५० किलोवॉट आणि त्यावरच्या प्रत्येक सार्वजनिक चार्जरवर साधं बँक कार्ड चाललंच पाहिजे. अ‍ॅप ठेवा, सवलती द्या, पण वाटसरूला अ‍ॅपवाचून वीज मिळाली पाहिजे. आपल्याकडे तर यूपीआय आहे, २०१६ पासून. कामशेतच्या भाजीवालीच्या टोपलीवर कोडचा कागद चिकटवलेला असतो.

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक चार्जरसाठी दोन हजार कोटी रुपये ठेवले आहेत. सगळी जाळी एकत्र दाखवणारं एक मोठं अ‍ॅप करण्याची जबाबदारी ‘भेल’कडे देण्याचा विचार २०२५ मध्ये जाहीर झाला. चांगलं आहे. पण अट एक हवी. अनुदानाचा रुपया घेणाऱ्या प्रत्येक यंत्रानं अ‍ॅपशिवायही पैसे घेतले पाहिजेत. नाहीतर ते अ‍ॅप सतरामध्ये अठरावं ठरेल.

राज्याचं २०२५ चं धोरण म्हणतं, महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला जलद चार्जिंग हवं. उत्तम. पंचवीस किलोमीटरला काय हवं? खोकं, की चालू गन? बंद पडलेला चार्जर नकाशावर हिरवा दिसतो आणि जवळ गेलं की काळा. आकडा मोजणाऱ्यानं जागेवर जाऊन गन लावून पाहावी, तीही रविवारी संध्याकाळी, मुंबईकर परतत असताना.

घाटाची भीती बाळगणाऱ्यांनी गणित करावं. खोपोली ते लोणावळा चढ साडेपाचशे मीटरच्या आसपास. पावणेदोन टनांची गाडी तेवढी वर चढवायला लागणारी ऊर्जा अडीच युनिटांच्या थोडी वर. वाया जाणारं धरून तीन म्हणा. उतरताना त्यातलं बरंचसं परत बॅटरीत. आजच्या ४५ युनिटांच्या बॅटरीला घाट अडवत नाही.

आणि लोणावळ्याला खरं तर एवढे फास्ट चार्जर हवेत तरी कशाला? इथे येणारा माणूस थांबतो. भुशी धरणावर भिजतो, भजी खातो, रात्री झोपतो. दहा तास गाडी हॉटेलच्या आवारात नुसती उभी. साध्या ३.३ किलोवॉटच्या जोडणीवर दहा तासांत ३३ युनिट भरतात. दोनशे किलोमीटर निघतात, म्हणजे दादरला जाऊन वर उरतं. ना अ‍ॅप, ना ओटीपी, ना अ‍ॅडॉप्टर. लागतं काय? नीट अर्थिंग केलेला १६ अँपिअरचा सॉकेट, वेगळा एमसीबी आणि खोलीच्या बिलात एक ओळ. पोहण्याच्या तलावाची जाहिरात करणारी हॉटेलं हे का करत नाहीत? सॉकेट विचारला की वॉचमन आधी मॅनेजरकडे बोट दाखवतो, आणि मग खिडकीतून एक्स्टेन्शन कॉर्ड लोंबते. पातळ, ऊन ऊन झालेली.

वीज लोणावळ्याच्या या मावळ भागाला नवी नाही. वळवण आणि शिरोत्याच्या तळ्यांचं पाणी घाट उतरून खोपोलीत टर्बाइन फिरवतं. १९१५ पासून मुंबईचे दिवे त्यावर लागले, गिरण्या त्यावर चालल्या. मावळच्या गावांनी तळ्यांखाली जमिनी दिल्या. त्याच मावळात आज मुंबईकर विजेसाठी ओटीपीची वाट पाहतो आणि इथला रिक्षावाला विजेची रिक्षा घ्यायला कचरतो, कारण बाजारपेठेत दिवसा ती भरायची कुठे, हे त्याला कुणी सांगत नाही.

दुचाकींचं काम अजून अर्धवट आहे. एथरनं २०२१ मध्ये आपल्या गनचा आराखडा इतरांना खुला केला, हिरोच्या विडानं तो घेतला, आणि २०२३ मध्ये त्यावर भारतीय मानकही आलं. तरी प्रत्येक कंपनीची स्कूटर त्याच गनवर आलेली नाही. मोटारींनी जी चूक टाळली ती स्कूटरनी का करावी?

एक्स्प्रेस वे रस्ते विकास महामंडळाचा. तिथल्या फूड मॉलना आणि पंपांना जागा मिळते ती करारानं. करारात शौचालय असतं, पाणी असतं. पुढच्या करारात चार ओळी वाढवा. प्रत्येक चार्जरवर यूपीआय आणि कार्ड, अ‍ॅपशिवाय. युनिटचा दर करासह, लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. माणूस उचलेल असा फोन नंबर. बंद चार्जर ४८ तासांत दुरुस्त, नाहीतर दंड. यासाठी ना नवा कायदा लागतो, ना दिल्लीची परवानगी. महामंडळाची एक सही लागते, आणि ती मुंबईतच होते.