समतेची शाई

निलंगा १९५६पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात. आजोबांच्या जमिनीचे कागद उर्दूत. ते कचेरीतल्या पेशकारानं वाचायचे, आजोबांनी अंगठा उठवायचा. मग राज्यं भाषेवर झाली, निलंगा महाराष्ट्रात आलं, भालकी कर्नाटकात गेली. आता भालकीला दिलेल्या लेकीचं मतदार ओळखपत्र कन्नड-इंग्रजीत येतं. तिला एकही वाचता येत नाही. घराण्याची परंपरा सरकारनं अशी जपली! तिकडून आलेल्या कन्नड सुनेच्या हाती मराठी-इंग्रजी कार्ड, म्हणजे फिट्टंफाट.

आता अर्ध्यावर थांबू नये. लातूरची कार्डं तमिळमध्ये, चेन्नईची मराठीत छापावीत. वाचता कुणालाच येणार नाही, मग तक्रार कोण करणार?

फक्त एक अन्याय उरतो. मतदानाची शाई बनते म्हैसूरला, कर्नाटक सरकारच्या कारखान्यात. मराठी बोटांना ती चालतेच कशी?