खाली आणायला अडीच लाख!

कानावर आलं का? दादरला हिंदमाताच्या नव्या टॉवरमधल्या त्या मस्टँगवाल्याने गाडी आणखी दोन बोटं खाली घेतली! खाली, बरं का. पाणी तुंबतं म्हणून महापालिकेने इथला दोन उड्डाणपुलांमधला रस्ता उचलला, प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात जमिनीखाली टाक्या बांधल्या. आणि हा पठ्ठ्या अडीच लाख मोजून जमिनीला टेकायला निघालाय! जुलैत माणसं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चालतात, त्या हिंदमाताला!

एकटा असता तर म्हटलं असतं, जाऊ दे. पण साथच आलीय. कॉइलओव्हर म्हणे. स्प्रिंग आणि शॉकअप एकात एक, बाहेरून आटे. पाना फिरवला की गाडी वर-खाली. केडब्ल्यू कंपनी जर्मन, ओलिन्स स्वीडनची. ओलिन्सचं नाव घेताना पोरं कानाची पाळी धरतात हो! शॉकअपला एक घुंडी असते, ती फिरवली की टिक्-टिक् वाजते आणि शॉकअप कडक-नरम होतो. परवा लिफ्टमध्ये तो मस्टँगवाला मला म्हणाला, "काकू, मागे चार क्लिक सॉफ्ट केलं." म्हटलं, बरं केलंस बाळा, जेवलास का?

तसं गाडीचं दुखणं खोटं नाही. २०१६ मध्ये भारतात आलेली मस्टँग जीटी म्हणजे पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, चारशेच्या घरात हॉर्सपॉवर, आणि ती सगळी मागच्या दोन चाकांना. पाय दाबला की वजन मागे जातं, बूड बसतं, नाक उचललं जातं आणि पुढची चाकं हलकी पडतात. वळणावर जास्त दाबला तर मागची बाजू पुढे यायला बघते. चांगला शॉकअप तिथे चाक रस्त्याला धरून ठेवतो. रेसच्या ट्रॅकवर सगळं मान्य. पण दादर टीटी ते परळ? उखडलेले पेव्हर ब्लॉक, वर आलेली गटाराची झाकणं. स्प्रिंग फार कडक केली की चाक खाचखळग्यात उतरत नाही, उडतं. ओल्या रस्त्यावर उडालेलं चाक काय पकडणार, कपाळ! हे ज्ञान माझं नाही, त्याच्याच गॅरेजवाल्याचं. तो हे सांगतो, आणि स्प्रिंग कडक करून पैसेही घेतो.

सोसायटीच्या फाटकातला स्पीडब्रेकर तर बघण्यासारखा. गाडी तिरकी लावायची, एकेक चाक चढवायचं. वॉचमन उकिडवा बसून खालून बघतो आणि ओरडतो, "आने दो, आने दो... बस!" मागे तीन टॅक्सी आणि एक टेम्पो कोकलत असतात. तरी शेवटी खर्रकन आवाज येतोच.

आणि कायदा? कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्येच ठणकावलंय. मी त्याला विचारलंसुद्धा. तर म्हणतो, "काकू, साडी हिंदमातालाच घेतली का? छान आहे!"

आता ताजी बातमी. घासतं म्हणून बटण दाबल्यावर गाडीचं नाक वर उचलणारं किट मागवतोय. म्हणजे आधी खाली आणायला पैसे, आता वर करायला वेगळे! त्याच्या आईला किंमत विचारली, तर ती दूध उतू जातंय म्हणून जी आत गेली, ती बाहेरच आली नाही.