गाझियाबादचा जॅकेटपारखी

जॅकेटपारखी हा दिल्लीच्या पूर्वेला, वैशाली, वसुंधरा आणि इंदिरापुरम या पट्ट्यात राहणारा मराठी गृहस्थ होय. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, मूळ गाव पुणे, नाशिक किंवा ठाणे, नोकरी नोएडात. घर गाझियाबादेत घेण्याचं कारण एकच, तेवढ्याच पैशांत इथे एक खोली जास्त मिळते. त्या जास्तीच्या खोलीला घरात ‘पाहुण्यांची खोली’ म्हणतात. तिच्यात दोन सॅक, एक तंबू, चालायच्या काठ्या आणि पाच जॅकेटं राहतात. पाहुणे हॉलमध्ये झोपतात.

इतर माणसं जॅकेट थंडीसाठी घेतात. हा पावसासाठी घेतो, आणि शोध होळी झाली की लगेच सुरू करतो. त्या वेळी गाझियाबादच्या आभाळात औषधालाही ढग नसतो. मान्सून दिल्ली परिसरात सरासरीने २७ जूनच्या सुमारास पोचतो. मधले दिवस धुळीचे आणि लूचे. म्हणजे खरेदीसाठी शंभरेक दिवस हाताशी असतात, आणि ते त्याला कमी पडतात.

या वेडाचं मूळ सह्याद्रीत आहे. कॉलेजात असताना त्याने हरिश्चंद्रगड आणि राजमाची भर जुलैत केलेले असतात, तेही वडिलांचा डकबॅकचा रेनकोट घालून. कोलकात्यात १९२० साली सुरू झालेल्या या कंपनीच्या रबरी रेनकोटाचा वास मराठी घरांतल्या दोन पिढ्यांच्या नाकात कायमचा बसला आहे. त्यातून पाणी आत यायचं नाही आणि घाम बाहेर जायचा नाही. माणूस उकडीच्या मोदकासारखा गडावर पोचायचा. पण तेव्हा त्याची तक्रार कोणी करत नसे, कारण सह्याद्रीतला पाऊस कोमट असतो आणि भिजायलाच तर लोक जातात. दिल्ली परिसरात वर्षाला साधारण पाऊणशे सेंटिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला पाच मीटरांहून अधिक. या एका फरकाच्या जोरावर जॅकेटपारखी ऑफिसच्या खिडकीशी उभा राहून सहकाऱ्यांना सांगतो, ‘इसको बारिश नहीं बोलते.’ त्यानंतर नोएडाचे रस्ते तुंबतात आणि तोही इतरांबरोबर तीन तास अडकून पडतो.

खरेदीचा कस लेबलावरच्या आकड्यांवर लागतो, आणि हा माणूस तिथेच खरा रमतो. पहिला आकडा मिलिमीटरांचा. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला, तर तो किती उंच होईपर्यंत कापड तग धरतं, ते या आकड्यावरून कळतं. दहा हजार म्हणजे दहा मीटर उंच पाणी. साध्या पावसाला एवढी गरज नसते, पण सॅकचे पट्टे खांद्यावर दाबतात किंवा माणूस ओल्या दगडावर बसतो, तेव्हा पाणी कापडात रेटलं जातं आणि मोठा आकडा कामाला येतो. क्रीडासाहित्याच्या दुकानातला मुलगा मात्र एवढ्या खोलात जात नाही. ‘सर, दस हजारवाला ले लीजिए, कुछ नहीं होगा,’ तो म्हणतो. हा दहा हजार मिलिमीटर समजून मान डोलावतो. बिलाच्या काउंटरवर कळतं की मुलगा रुपये म्हणत होता.

दुसरा आकडा ग्रॅमांचा. चोवीस तासांत एक चौरस मीटर कापडातून किती ग्रॅम वाफ बाहेर जाते, ते तो दाखवतो. बोलीत याला ‘कापड श्वास घेतं’ असं म्हणतात. हा आकडाही दहा हजार असला, तर तासाला चारशे सोळा ग्रॅम झाले. जॅकेटचं कापड दीड चौरस मीटर धरलं, तर सव्वासहाशे. सॅक पाठीवर घेऊन उभा चढ चढणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो. उरलेले पावणेचारशे ग्रॅम जातात कुठे, हा प्रश्न जॅकेटपारख्याला मार्च ते जून कधीही पडत नाही. ते बनियनमध्ये जातात. बनियन सुती असते, तीन नगांच्या पाकिटातली, आणि तिची निवड त्याने केलेली नसते.

एवढी वाफ तरी जाते, ते एका शोधामुळे. चार्ल्स मॅकिन्टॉश याने १८२३ साली दोन कापडांच्या मधे रबराचा थर घालून केलेल्या जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं, तेव्हा पाणी अडवण्याचा प्रश्न सुटला आणि घामाचा सुरू झाला. तो दीडशे वर्षं तसाच होता. १९६९ साली बॉब गोर याने टेफ्लॉनच्या कुळातला पदार्थ एका हिसक्यात ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा केला. छिद्रं एवढी बारीक की पाण्याचा थेंब अडकतो आणि वाफ निसटते. हाच गोर-टेक्स. जॅकेटपारखी ही कथा पाहुण्यांना हॉलमध्ये, त्यांच्या अंथरुणाच्या कडेला बसून सांगतो. त्याच्या बायकोला एकदाच ऐकून पुरे झालेली असते. ‘म्हणजे नॉन-स्टिक तव्याचंच की हो,’ ती म्हणते, ‘तो तर नऊशेला आला.’

जॅकेट घरी आलं की परीक्षा सुरू होते. पहिली प्रयोगशाळा स्वयंपाकघर. बाहीचं टोक दोऱ्याने आवळून तिच्यात पाणी भरतात आणि ती रात्रभर नळाला टांगून ठेवतात, श्रीखंडासाठी चक्का टांगतात तशी. खाली कोरडं पातेलं. सकाळी पातेलं कोरडंच सापडतं आणि घरात प्रसन्नता पसरते. वास्तविक बाहीतलं पाणी जेमतेम हातभर उंच असतं, लेबल दहा मीटरांचं असतं. पण चहा होईपर्यंत नळ मोकळा मिळाला याचाच आनंद इतरांना मोठा असतो.

दुसरी परीक्षा न्हाणीघरात, जुलैच्या पहिल्या आठवड्यात. जॅकेट घालून, टोपी आवळून, चेन हनुवटीपर्यंत ओढून जॅकेटपारखी शॉवरखाली वीस मिनिटं उभा राहतो. बाहेर पारा चौतीसवर आणि हवा अशी की टांगलेला टॉवेल दोन दिवस वाळत नाही. तो बाहेर येतो तेव्हा आतून निथळत असतो. ‘अहो, हे गळतंय,’ असं घर म्हणतं. तोही मानतो, आणि विजेरी घेऊन शिवणींवरच्या पट्ट्या तपासायला बसतो. पट्ट्या अभंग असतात. इथे जॅकेटचा दोष काहीच नसतो. वाफ ओढीने चालते; आत उष्ण-दमट आणि बाहेर थंड-कोरडं असलं, तरच ती बाहेर धावते. गाझियाबादच्या जुलैत आत आणि बाहेर एकच हवामान असतं. वाफेला कुठे जायचं ते कळत नाही, आणि ती तिथेच पाणी होऊन बसते. या परीक्षेच्या निकालावर दरसाल एक चांगलं जॅकेट परत केलं जातं.

मुहूर्ताचाही घोळ असतो. गाझियाबादेत सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि कावडयात्रा सुरू होते. हरिद्वार, मुझफ्फरनगर, मेरठ, मोदीनगर असा सारा रस्ता भगवा होतो आणि वाहनं भलतीकडून फिरवली जातात. मराठी श्रावण त्याच्या पंधरा दिवस मागून, दिव्यांच्या अवसेनंतर येतो. जॅकेटपारखी म्हणून शेजाऱ्यांचा सावन घरी बसून काढतो आणि आपल्या श्रावणात निघतो, शक्यतो १५ ऑगस्टला जोडून. आनंद विहारहून रात्रीची ऋषिकेशची बस, तिथून दिवसभर डोंगररस्ता, गोविंदघाट. बेत बहुधा फुलांच्या खोऱ्याचा. फ्रँक स्माइथ १९३१ साली कामेत शिखरावरून परतताना पावसात तिथे उतरला आणि तेव्हापासून जगाला ते ठाऊक झालं. २००५ साली जागतिक वारशात गेलं. फुलं नेमकी पावसाळ्यातच येतात, म्हणून इथे जॅकेट खरोखरच लागतं. खोऱ्याच्या अलीकडचं मुक्कामाचं गाव घांघरिया ३,०५० मीटरांवर आहे, गाझियाबाद दोनशेच्या जरा वर. तेवढ्या उंचीने तापमान सतरा-अठरा अंशांनी उतरतं, आणि भिजलेल्या माणसाला सह्याद्रीत जे गमतीचं वाटतं ते इथे हुडहुडीपर्यंत आणि पुढे दवाखान्यापर्यंत नेतं.

पुलना गावाशी जीप सोडताच जॅकेटपारखी जॅकेट चढवतो. पाऊस अजून लागलेला नसतो, पण वस्तू घेतली आहे. वाट लक्ष्मणगंगेच्या काठाने चढते. पाव तासात पाठ ओली, अर्ध्या तासात छाती. काखेत खास हवेसाठी दिलेल्या दोन चेनी असतात. त्या तो उघडत नाही, कारण उघडलेली चेन वॉटरप्रूफ कशी म्हणावी? मागून हेमकुंडाला निघालेले सत्तरीचे एक सरदारजी येतात. अंगावर गोविंदघाटच्या टपरीवरचा गुलाबी प्लास्टिकचा रेनकोट, समोरून पूर्ण उघडा, पिशवीसारखा फडफडणारा. ते ‘वाहेगुरू’ म्हणत पुढे निघून जातात. त्यांच्यामागून खेचरवाला, डोक्यावरून एक ताडपत्रीचा तुकडा, हातात छत्री. कोकणात भातलावणीला बाया इरलं घेतात त्याच धर्तीची ही सोय. पाठ झाकलेली, पुढून वारा मोकळा. लेबलावरचा ग्रॅमांचा आकडा इरल्याला लावला, तर तो लिहायला लेबल पुरणार नाही.

तासाभराने पाऊस खरोखर येतो आणि पहिली दहा मिनिटं जॅकेट पैसे वसूल करतं. थेंब मोत्यांसारखे घरंगळतात. मग जिथे पट्टे घासतात तिथे, म्हणजे खांद्यांवर, कापड गडद होऊ लागतं. आतला पडदा शाबूत असतो, पण वरच्या कापडाला पाणी झटकायला लावणारा लेप घासून गेलेला असतो. ओलं कापड पडद्यावर चिकटलं की वाफेची वाट बंद. आता माणूस पुरता मोदक. पण हाल चढावर होत नाहीत, थांबल्यावर होतात. घांघरियाच्या अलीकडे चहाच्या टपरीवर तो सॅक उतरवतो, आणि घामाने चिंब सुती बनियन बर्फाच्या फडक्यासारखी पाठीला लागते. दात वाजायला लागतात. खेचरवाला त्याच्याकडे बघून म्हणतो, ‘बाबूजी, चढाई में उतारो, रुकने पे पहनो.’ सगळ्या शास्त्राचं सार एवढंच आहे. चढताना जॅकेट सॅकमध्ये किंवा काखा उघड्या, आत सुताऐवजी लोकर किंवा पॉलिस्टर, आणि थांबताक्षणी बंद. मार्चपासूनच्या अभ्यासात हे कुठेच आलेलं नसतं, कारण ते लेबलावर छापत नाहीत.

परतल्यावर जॅकेटची रवानगी बाकी कपड्यांबरोबर मशीनमध्ये होते, कपडे मऊ करणाऱ्या सुगंधी द्रवासह. पाणी झटकणारा लेप याने हमखास बिघडतो. त्याला साबण बेताचा, भरपूर खळबळणं आणि मंद उष्णता हवी असते. दुसऱ्या वर्षी ते डांबरगोळ्यांसह प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटावर जातं. स्वस्त जॅकेटांच्या आतला लेप अशा उकाड्यात चिकट होतो आणि तीन-चार वर्षांत त्याचा कोंडा पडू लागतो. पाहुण्यांच्या खोलीत जी पाच असतात, त्यांतली दोन या अवस्थेतली. ती टाकून का देत नाहीत, हे विचारलं तर जॅकेटपारखी म्हणतो, ‘बागेत चालतील.’ घर सातव्या मजल्यावर आहे.

चांगल्या जॅकेटाचा खरा काळ मात्र डिसेंबर-जानेवारीत येतो. सकाळी साडेसहाला गाझियाबादवर धुकं असतं, पारा सहा-सातवर, आणि जॅकेटपारख्याची आई दुधाला निघते. मुलाचं पावसाळी जॅकेट ती स्वेटरवरून घालते, कारण ते दाराशी टांगलेलं असतं. बाहेर गारठा, आत ऊब. वाफेला हवी असलेली ओढ वर्षात प्रथमच मिळते. चढ नाही, सॅक नाही, घाम नाही. धुक्याचे थेंब खांद्यावरून घरंगळतात आणि आत सगळं कोरडं ठणठणीत. डेअरीवर सुटे पैसे शोधायला ती खिशात हात घालते, तेव्हा चौकोनी घडी घातलेला एक गुलाबी प्लास्टिकचा रेनकोट हाताला लागतो.