कुणाचे भुरे, कुणाचे ब्राऊन

केसांना तेल लावलं की ते काळे दिसतात, हे ज्ञान आमच्या घरात कुणी पुस्तकातून मिळवलेलं नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीचे केस जन्मापासून भुरे. दर रविवारी तिच्या डोक्यावर खोबरेल अक्षरशः ओतलं जायचं आणि दोन घट्ट वेण्या घातल्या, की पुढचे एक-दोन दिवस ती चारचौघींसारखी काळ्या केसांची. मंगळवारी दुपारपासून भुरेपणा पुन्हा वर यायचा आणि शेजारच्या काकू विचारायच्या, "काय हो, हिला तेलबिल लावता की नाही?" घरातलं अर्धं तेल एकट्या तिच्या डोक्यात जिरत होतं, तरी ठपका कायम. माझे केस काळे. मला कधी कुणी काही विचारलं नाही. त्यामुळे या विषयावर मी तटस्थपणे लिहू शकेन, असा माझा आपला समज आहे.

तेलाची युक्ती तशी शास्त्रात बसते. कोरड्या केसावरच्या बारीक खवल्यांवरून उजेड विखुरतो. तेलाने ते विखुरणं कमी होतं आणि केस गडद दिसतो. पण रंग काही तेलाला दाद देत नाही. तो ठरतो कातडीच्या आत, केसाच्या मुळाशी. तिथल्या पेशी मेलॅनिन तयार करतात आणि वाढत्या केसात भरत राहतात. हे मेलॅनिन दोन प्रकारचं: काळपट-तपकिरी ते युमेलॅनिन आणि तांबूस-पिवळसर ते फिओमेलॅनिन. भुऱ्या केसांसाठी निसर्गाने वेगळा डबा उघडलेला नाही. काळ्या केसांत जे युमेलॅनिन ठासून भरलेलं असतं, तेच इथे जरा हात राखून घातलेलं, सोबत चवीपुरतं फिओमेलॅनिन. जगभरच्या माणसांत काळ्याच्या खालोखाल हाच रंग आढळतो. आणि त्यामागे एखादं जनुक नसून पुष्कळ जनुकांची मिलीभगत असते. म्हणून 'हे आमच्याकडचं नाही बाई' असं आत्याने म्हटलं आणि 'आमच्याकडे तर सगळे काळेच' असं मामीने म्हटलं, तरी दोघींच्याही माहेर-सासरवर थोडा थोडा संशय घ्यायला जागा उरतेच.

खरं तर भुरा रंग प्रत्येकीच्या डोक्यावर असतो, फक्त तो बघायला वेणी पुढे घ्यावी लागते. केस कातडीबाहेर आला की त्यात जीव नसतो. महिन्याला साधारण एक सेंटीमीटर तो वाढतो. म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीचा शेंडा पाच-सहा वर्षांपूर्वीचा. तेवढे उन्हाळे त्याने सोसलेले. उन्हातले अतिनील किरण मेलॅनिन मोडत जातात आणि वरून नवा पुरवठा काही येत नाही. माझी वेणी मी एकदा खिडकीशी धरून नीट पाहिली. मानेजवळ काळी, अगदी निळसर झाक मारणारी. तिसऱ्या-चौथ्या वळशानंतर तो काळेपणा जरासा विटलेला. रबरबँडच्या खाली उरलेला झुपका तर सरळसरळ पिंगट. एकेक केस उजेडात धरला तर चहाच्या रंगाचा. तो झुपका कापून बहिणीच्या डोक्यावर ठेवला असता, तर काकूंनी त्यालाही तेल लावायला सांगितलं असतं.

आपल्या पूर्वजांचं मत काय होतं, ते विचारू नये. विचारलं तर चार मिळतात. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या मुलींशी लग्न करू नये याची यादी आहे, तिच्यात 'कपिला' पहिल्याच फटक्यात बाद. टीकाकार तिथे पिंगट केसांची मुलगी असा अर्थ लावतात. पतंजलीच्या महाभाष्यात मात्र ब्राह्मण कसा ओळखावा याची चर्चा निघते, तेव्हा गोरेपणा आणि शुद्ध आचार यांच्या पंगतीत कपिल केसही सन्मानाने बसवलेले आहेत. म्हणजे एकच रंग, वराच्या डोक्यावर असला तर लक्षण आणि वधूच्या डोक्यावर असला तर अवलक्षण. वधूपरीक्षेचं आपलं शास्त्र इतक्या जुन्या काळापासून पक्कं आहे! श्रौत परंपरा सांगते की मुलगा झालेल्या, पण केस अजून काळे असलेल्या माणसाने अग्न्याधान करावं, म्हणजे यज्ञाचा अग्नी स्थापन करावा. ज्याचे मुळातच भुरे, त्याने कोणत्या वयाला अग्नी पेटवायचा?

मला स्वतःला बृहदारण्यक उपनिषद सगळ्यांत समंजस वाटतं. त्याच्या शेवटच्या अध्यायात हवं तसं अपत्य होण्यासाठी नवरा-बायकोने काय शिजवून खावं, ते दिलेलं आहे. गोरा आणि एक वेद जाणणारा मुलगा हवा असेल तर दूधभात. कपिल-पिंगल आणि दोन वेद जाणणारा हवा असेल तर दहीभात. सावळा, तांबूस डोळ्यांचा, तीन वेद जाणणारा हवा असेल तर नुसता पाण्यात शिजवलेला भात. सगळ्यांवर तूप. विदुषी मुलगी हवी असेल तर तीळभात, आणि तिच्या रंगाबद्दल चकार शब्द नाही. रंग ज्याच्या-त्याच्या आवडीवर सोडून भातावर लक्ष केंद्रित करणारं हे शास्त्र पुढे कुठे हरवलं कोण जाणे.

जपानात ते हरवलेलंच नाही, कारण तिथे मुळात नव्हतं. तिथल्या पुष्कळ शाळांत केस रंगवायला बंदी. ती समजण्यासारखी आहे. अडचण अशी की सगळ्यांचे केस काळेच, असं शाळा गृहीत धरते. मग ज्या मुलीचे केस उपजत तपकिरी किंवा कुरळे, तिने आईवडिलांच्या सहीचा दाखला आणायचा की हे केस देवाने दिलेले आहेत. सोबत कधी कधी लहानपणचा फोटो. ओसाका प्रांतातल्या एका सरकारी शाळेतल्या मुलीने 2017 साली दावा लावला. तिचं म्हणणं असं, की माझे केस उपजत तपकिरी असूनही शाळा ते पुन्हा पुन्हा काळे करायला लावते. म्हणजे केस रंगवायचे नाहीत या नियमाखातर केस रंगवायचे! 2021 मध्ये निकाल लागला. शाळेचा नियम आणि तिला केलेली सक्ती कोर्टाने बेकायदा मानली नाही. पण तिचं नाव हजेरीतून आणि तिचं बाक वर्गातून काढून टाकलं, त्याबद्दल 3 लाख 30 हजार येन भरपाई द्यायला लावली. पुढच्याच वर्षी टोकियोच्या शिक्षण मंडळाने आपल्या शाळांतून काळ्या केसांची सक्ती काढून टाकली. आमच्या बहिणीला कुणी दाखला मागितला नव्हता. तिचा दाखला तोंडी होता आणि तो दर लग्नकार्यात आईला नव्याने द्यावा लागायचा.

एका ठिकाणी मात्र भुऱ्या केसांकडे बघताना विनोद सुचत नाही. अंगणवाडीत मुलाचे केस विरळ, कोरडे आणि तांबूस झालेले दिसले, तर ताईची नजर तिथेच थांबते, आणि ती दंडाचा घेर मोजायची पट्टी हातात घेते. प्रथिनं आणि एकूणच अन्न कमी पडलं की केसातला रंग उतरतो. मध्ये काही महिने नीट जेवण मिळालं आणि पुन्हा आबाळ झाली, तर एकाच केसावर गडद आणि फिका असे पट्टे दिसतात. कोणत्या महिन्यांत घरात धान्य होतं आणि कोणत्या महिन्यांत नव्हतं, ते त्या पोराच्या केसावर वाचता येतं. तिथे 'तेल लावत नाही का' हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी घरात डाळ आहे का ते विचारावं.

आणि शहरातल्या पार्लरमध्ये हाच रंग तीन-चार हजार रुपये मोजून मिळतो. शेड कार्ड समोर ठेवतात: चॉकलेट, कॅरमेल, हेझलनट, मोका. ते वाचून भूक लागते. आधी पेरॉक्साइड घालून निसर्गाने भरलेलं मेलॅनिन मोडायचं, मग वर विकतचं तपकिरी चढवायचं. उन्हात फुकट झालं तर भुरे, खुर्चीत बसून करून घेतलं तर ब्राऊन. आमच्या पिढीचं प्रकरण निराळं. आम्ही पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे काळा रंग लावायला लागलो आणि पंधरा दिवसांत भांगाशी पांढरी रेघ उमटायला लागली. तेव्हा पार्लरमधली मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "काळा नका करू काकू, मुळं लगेच दिसतात. ब्राऊन घ्या." खरं आहे ते, फिक्या रंगात पांढरा केस खपून जातो. परिणामी हल्ली कुठल्याही मंगल कार्यालयात पुढच्या दोन रांगा पिंगट असतात, मेंदीवाल्या नारिंगी. माझी बहीण अजून काहीच लावत नाही. तिचे पांढरे आपोआप मिसळून गेले आहेत आणि तिला सगळ्या जणी शेडचा नंबर विचारतात.

तिची मुलगी अमेरिकेत असते. नुकतंच तिला बाळ झालं आणि पासपोर्टचा अर्ज भरायची वेळ आली. तिथल्या अर्जात केसांचा रंग लिहायला रकाना असतो. डोळ्यांच्या रकान्यात ब्राऊन लिहिताना कुणी अडखळलं नाही. केसांपाशी मात्र व्हिडिओ कॉलवर दोन्ही घरं जमली. बाळाच्या डोक्यावर जावळ, तेही चांगलं भुरं. जावयाच्या आईचं म्हणणं, आता जावळ काढलं की काळेच येतील, ब्लॅक लिहून टाका. जावळ काढून केसांचं मूळ काही बदलत नाही, हे मी सांगायचा प्रयत्न केला, तो कुणी ऐकला नाही. अर्थात लहानपणचे भुरे केस मोठेपणी पुष्कळदा गडद होतात, हे खरंच आहे. वाढत्या वयात मेलॅनिन वाढतं. जावई म्हणाला, मग आजचा रंग लिहायचा की पुढचा?

बहीण इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो ना? काळे झाले तर पुढच्या वेळी काळे लिहा. आत्ता आहेत ते लिहा."