हेरखात्याची आस्थापना शाखा

जेम्स बाँडनं आयुष्यात कधी टीए-डीएचं बिल भरलेलं नाही. इयान फ्लेमिंगच्या 'कॅसिनो रोयाल' या 1953 सालच्या पहिल्याच कादंबरीत हा गृहस्थ सरकारी पैसा जुगारात हरतो, एका अमेरिकी हेराकडून पैसे घेतो, पुन्हा त्याच टेबलावर बसतो आणि जिंकतो. एवढ्या व्यवहाराला ना पावती, ना कार्योत्तर मंजुरी! ज्यांनी उभी हयात सरकारी नोकरीत काढली, प्रवासभत्त्यासाठी एसटीची चुरगळलेली तिकिटं जपून ठेवली, त्यांना बाँड वाचायला मजा येते. विश्वास मात्र बसत नाही.

खऱ्या हेरकथा कचेरीत घडतात, असं माझं ठाम मत आहे. या घराण्याचा बुजुर्ग म्हणजे जॉन ल कॅरे. खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल. नोकरी ब्रिटिश गुप्तचर खात्यात, त्यामुळे स्वतःच्या नावावर कादंबरी छापायची सोय नव्हती, म्हणून हे टोपणनाव. त्याचा जॉर्ज स्मायली बुटका, स्थूल, चष्मेवाला. चष्मा पुसायचा तो टायच्या रुंद टोकानं. बायको मधूनमधून दुसऱ्या कुणाबरोबर तरी निघून जाते. 1974 च्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'मध्ये त्याला नोकरीतून घालवलेलं आहे, आणि खात्याच्या वरिष्ठांपैकी रशियाला फितूर कोण, हे शोधायला पुन्हा त्यालाच गुपचूप बोलावलंय. तो काय करतो? एका साध्या हॉटेलात खोली घेतो आणि रात्र रात्र जुन्या फायली वाचतो. कुठला कागद कुणाच्या सहीनं कुठे गेला, नोंदवहीतली नेमकी हवी ती पानं कशी गायब झाली, हे तपासत बसतो. ज्यानं एकदा तरी जावक क्रमांकावरून हरवलेला कागद शोधलाय, त्याला या प्रकरणातला थरार वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बीबीसीनं 1979 साली या कादंबरीवर सात भागांची मालिका केली. तिची सुरुवात मी अजूनही मधूनच लावून बघतो. बैठकीची रिकामी खोली. एक साहेब येतो, कागद नीट लावून बसतो. दुसरा येतो, त्याच्या हातात सिगारेट. तिसरा येतो. शेवटचा येतो तो चहाचा कप घेऊन, आणि कपावर बशी पालथी! कुणी कुणाशी बोलत नाही. बंदूक नाही, पाठलाग नाही. पण या चौघांचं एकमेकांशी पटत नाही, हे तेवढ्यात आपल्याला कळून चुकतं. ॲलेक गिनेसचा स्मायली तर पुढं येतो. तो ऐकतो कसा, हेच बघत राहावं. असा फितूर ही नुसती कल्पना नव्हती, हेही सांगायला हवं: ब्रिटिश खात्यातला बडा अधिकारी किम फिल्बी 1963 मध्ये खरोखरच मॉस्कोला पळाला.

अशी मालिका चारचौघांत बघणं मात्र अवघड. आमच्याकडे दर पाच मिनिटांनी "हा कोण?" असा प्रश्न येतो. उत्तर देईपर्यंत पडद्यावर तिसराच कुणीतरी आलेला असतो, आणि मग हा कोण ते मलाही सांगता येत नाही.

ल कॅरेची गादी सध्या मिक हेरन चालवतोय. त्याच्या कादंबऱ्यांत लंडनमधल्या एका कळकट इमारतीत खात्यातले चुकार आणि नकोसे झालेले हेर आणून टाकलेत. एकानं गोपनीय डिस्क चक्क रेल्वेत विसरली होती. यांना बडतर्फ करत नाहीत. कंटाळून स्वतःच राजीनामा देतील म्हणून निरर्थक कामं देतात. 'गडचिरोलीला बदली करीन' या धमकीवर पोसलेल्या मराठी वाचकाला हे लगेच उमजतं. पहिली कादंबरी 'स्लो हॉर्सेस' 2010 ची, मालिका 2022 पासून. साहेब जॅक्सन लॅम्ब भोकं पडलेले मोजे घालून टेबलावर पाय ठेवतो आणि हाताखालच्यांची यथेच्छ निर्भर्त्सना करतो. हे काम करणारा गॅरी ओल्डमन 'टिंकर टेलर'वरच्या 2011 च्या चित्रपटात शालीन स्मायली झाला होता. नट म्हणावा तो असा.

आपल्याकडे 'द फॅमिली मॅन'नं 2019 साली हेराला घरखर्चाची चिंता लावली, आणि तो मध्यमवर्गीयांचा झाला. मनोज बाजपेयीचा श्रीकांत तिवारी अतिरेक्यांना पुरून उरतो, पण बायको-मुलांपुढं त्याची डाळ शिजत नाही. दुसऱ्या हंगामात आयटी कंपनीतला पोरसवदा साहेब त्याला उपदेश करतो, ते बघताना तर माझा हात रिमोटवर आवळला होता. त्याचा जोडीदार तळपदे म्हणजे शारिब हाश्मी. 'स्पेशल ऑप्स'मध्ये तर के के मेननच्या अधिकाऱ्याला कोट्यवधींच्या खर्चाचा जाब देत चौकशी समितीपुढं बसावं लागतं. ऑडिटवर उभी असलेली हेरकथा! बाँडला तिथं नेऊन बसवायला हवं होतं.

हे सगळं नवं आहे असं मात्र समजू नये. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात चाणक्याचा हेर यमाचं चित्र दाखवत दारोदार हिंडतो. एका घरातून लहान मूल बाहेर पळतं, त्याला धरताना बाईच्या बोटातली अंगठी निसटते आणि घरंगळत हेराच्या पायाशी येते. अंगठी निघते शत्रुपक्षाच्या अमात्याची, राक्षसाची. पुढचं सगळं राजकारण त्या एका मुद्रेवर! तीही शेवटी कागदावर उमटवायचाच शिक्का.

तेव्हा ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी 'टिंकर टेलर' आधी वाचावी, मग बीबीसीची मालिका बघावी, चित्रपट सर्वांत शेवटी. 'स्लो हॉर्सेस' मालिकेपासून सुरू केली तरी बिघडत नाही. आणि फितूर कोण हे तुम्हाला कळलं, तर कृपा करून शेजारी बसलेल्याला सांगू नका.