११,००० फेऱ्यांच्या धन्यास अनावृत पत्र

प्रति,
काळ्या सेदानचे मालक,
ब विंग, तळपार्किंग.

विषय : नव्या पॉलिशरबद्दल जाहीर अभिनंदन.



रविवारी आपण पार्किंगमध्ये खोके फोडलेत, तेव्हा सोसायटीतले निम्मे पुरुष काही ना काही निमित्त काढून खाली उतरले होते. ‘अकरा हजार आरपीएम!’ असे आपण उच्चारलेत आणि एका सद्गृहस्थांनी आदराने चष्मा पुसला. खोक्यातून निघाला तो अँगल ग्राइंडर. फॅब्रिकेशनवाले खिडकीच्या ग्रिलचे वेल्डिंग घासतात, तोच. सोबत लोकरीची टोपी फुकट आली म्हणून आपण त्याला पॉलिशर म्हणता. टोपी चढवली की माणूससुद्धा पुढारी होतो, मग यंत्रानेच का मागे राहावे?

फेऱ्या जास्त तर चकाकी जास्त, हा आपला हिशेब सरळ आहे. अडचण एवढीच, की गाडीला तो कुणी सांगितलेला नाही. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमरपासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट किंवा लॅकर, ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ७०च्या आसपास असतो. (मोजायला आपल्याकडे फारसे शिल्लक नाहीत, हवा तर माझा देतो.) आपल्याला घालवायचे आहेत ते ओरखडे याच थरात आहेत. आणि ओरखडा पुसला जात नसतो. त्याच्या आजूबाजूचा लॅकर घासून त्याच्या तळापर्यंत आणावा लागतो. म्हणजे दर घासणीला थोडा लॅकर कायमचा जातो, आणि उन्हातली अतिनील किरणे अडवणारी द्रव्ये त्या लॅकरमध्येच असतात. तो संपला की टपावर पांढरट चट्टे उठतात. मग पॉलिश नाही, पेंटर.

आपला दुसरा सिद्धान्त असा, की ओरखडे गोल आहेत, म्हणून गोल फिरणाऱ्या यंत्राने जातील. दिव्याखाली ते गोल दिसतात हे खरे. प्रत्यक्षात ते सगळ्या दिशांना पडलेले असतात. त्यातले उजेडाला आडवे असलेले तेवढे चमकतात आणि दिव्याभोवती रिंगण धरल्यासारखे वाटतात. दिवा हलवून पाहा, रिंगणही सोबत सरकेल.

खऱ्या रोटरी पॉलिशरचा वेग साधारण ६०० ते ३,००० फेऱ्यांचा असतो, आणि जाणकार माणूस तोही बहुधा खालच्या अर्ध्यातच ठेवतो. जन्मभर ‘रबिंग’ केलेल्या मिस्त्रीच्या हातात रोटरी शोभते. दाराच्या कडेला आणि बॉनेटच्या उभ्या रेघेवर लॅकर लवकर उडतो हे त्याच्या मनगटाला ठाऊक असते. तिथे तो टेप लावतो किंवा हात हलका करतो. आपण अकरा हजारांनिशी नेमके तिथेच जोर देणार, कारण आपल्या मते खराबी तिथेच आहे. बंपर तर प्लास्टिकचा. घासण्याची उष्णता त्यात पसरत नाही, एका जागी साठते.

आपल्यासारख्या हौशी माणसासाठी डीए नावाचा एक भित्रा प्रकार मिळतो. ड्युअल अ‍ॅक्शन. त्याचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि शिवाय केंद्र सोडून डुलतो. हे डुलणे किती, ते मिलिमीटरमध्ये सांगतात : ८, १५, २१. त्याचा आस मोकळा असतो. फार दाबलेत की फिरणे बंद, नुसती थरथर. पुरुषार्थाला हा मोठाच धक्का, पण लॅकर त्यामुळेच वाचतो. पॅड जिच्यावर बसतो त्या बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवली की पॅड फिरतोय की नुसताच थरथरतोय ते लगेच दिसते. २१चे यंत्र टप आणि बॉनेटसारख्या सपाट भागावर झपाट्याने काम उरकते, पण वळणावर अडखळते. आणि आजकालच्या गाड्यांना सपाट भाग ठेवायचाच नाही असे डिझायनरांनी ठरवलेले दिसते. म्हणून माझे मत १५ मिलिमीटर आणि ५ इंची प्लेट. दाराच्या हँडलखाली आणि खिडक्यांमधल्या खांबांसाठी ३ इंची. वॉट विचारू नका. विचारायचेच तर वजन विचारा, कारण उभ्या दाराशी ते यंत्र तासभर हातात धरायचे आहे.

अमेरिकेतल्या भाच्याला ‘येताना एक घेऊन ये’ असे फोनवर सांगताना आपला आवाज जिन्यापर्यंत आला. तिकडचे यंत्र १२० व्होल्टचे, आपल्या भिंतीत २३०. नुसता पिन बदलणारा अडॅप्टर लावलात तर पॉलिश होण्याआधी धूर होईल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, तोही यंत्राच्या वॉटपेक्षा मोठा. ते धूड विकत घेण्यापेक्षा भाच्याला बदाम आणायला सांगा.

उरलेल्या पैशांत फोमचे पॅड घ्या, पाच-सहा तरी. एकाच पॅडवर अख्खी गाडी काढली की तो पॉलिशने आणि खरडलेल्या लॅकरने भरतो आणि नवे ओरखडे पाडतो. आधी दोन फूट चौरसात, सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडने करून बघा. तेवढ्याने भागले तर तिथेच थांबा. थांबणे आपल्या स्वभावात नाही, याची कल्पना आहे.

आणि ओरखडे आले कुठून, याचा तपास आपण केलेलाच नाही. आपली गाडी रोज पहाटे पुसली जाते. एक बादली, एक फडके, सबंध विंगच्या गाड्या. शिवाय ऑफिसला निघताना धुळीवर कोरडा झटका आपण स्वहस्ते मारता, मोठ्या प्रेमाने. दसऱ्याला बांधलेला झेंडूचा हार सुकून त्याची तार बॉनेटवर आपटू लागेपर्यंत सोडत नाही. हे सगळे चालूच राहणार असेल, तर यंत्र कोणतेही घ्या. पुढच्या दसऱ्याला पुन्हा घासायचे आहेच, लॅकर पुरेल तोवर.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
शेजारच्या पांढऱ्या गाडीचा मालक
(ओरखडे तिलाही आहेत, पांढऱ्यावर दिसत नाहीत.)

ता. क. ग्राइंडर परत करू नये. सोसायटीचे लोखंडी गेट दोन पावसाळे गंजून पडले आहे आणि कमिटी कोटेशनची वाट पाहत आहे. तारेचा कप ब्रश आणि डोळ्यांवरचा गॉगल माझ्याकडून. लोकरीची टोपी तेवढी घरीच ठेवून या.