उच्चार मागाहून कळवण्यात येईल

कल्पित जगातल्या पात्रांची नावे कशी उच्चारावीत, हे वाचकाला वेळेत सांगू नये, ही कादंबरीकारांची प्रथा स्तुत्य आहे. टोलकीन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या सेलेबॉर्न या एल्फला वाचक 1954 साली भेटले. 'सी'चा उच्चार नेहमी 'क' करावा, हे 1955मध्ये शेवटच्या खंडाच्या परिशिष्टात जाहीर झाले. राउलिंगबाईंनी 'हॅरी पॉटर'मधली हर्मायनी 1997मध्ये दिली, तिचा उच्चार 2000 साली, चौथ्या पुस्तकात. तोही क्रम नावाच्या परदेशी पाहुण्याला शिकवायच्या निमित्ताने. वोल्डेमॉर्टमधला 'ट' मूक असल्याचे तर त्यांनी 2015मध्ये कळवले. तोवर सगळे चित्रपट तो 'ट' ठासून म्हणून मोकळे झाले होते.

रेल्वेनेही हे धोरण स्वीकारावे. नागपूरहून छत्तीसगडमधल्या जामुलला निघालेल्यांनी भिलाई पॉवर हाऊसला उतरावे, ही घोषणा गाडी रायपूरला पोचल्यावर व्हावी. औषधाची मात्रा बाटली संपल्यावर सांगावी.

वाचक मात्र तयार होतो, हे मान्य केलेच पाहिजे. जामुलमधल्या एखाद्या मराठी घरातला मुलगा आज पाहुण्यांना चारचौघांत थांबवून सांगतो, "काका, वोल्डेमॉर नव्हे का? 'ट' मूक आहे!" एल्फ लोकांचे स्वरही त्याचे बिनचूक आहेत. काका कौतुकाने त्याचे आडनाव विचारतात.

"काले," तो सांगतो.

आजोबा काळे होते. शाळेच्या दाखल्यावर आता 'काले'च आहे.